वाकणे आणि झिजणे

सज्जनहो, आज एक साधा प्रश्न घेऊ. हा देह उभा कशावर आहे?

बहुतेकांच्या तोंडी पटकन उत्तर येईल, हाडांवर. ते उत्तर खोटे नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी १०६, म्हणजे निम्म्याहून अधिक, दोन हात आणि दोन पायांच्या पंजांत आहेत. टाळ धरणाऱ्या एका हातात मनगटासह २७ आणि पंढरीची वाट चालणाऱ्या एका पावलात २६. पण हीच २०६ हाडे एका टोपलीत भरून ठेवली तर त्यांचा देह होईल का? होणार नाही, नुसता ढीग होईल. त्या ढिगाला देह करणारी जी गोष्ट आहे ती टोपलीत भरता येत नाही. तिचे नाव सांधा.

सांधा ही वस्तू म्हणून वेगळी काढून दाखवता येत नाही. मांडीचे हाड दाखवता येते, नडगीचे हाड दाखवता येते. गुडघा मात्र त्या दोघांच्या भेटीत असतो. दोघांपैकी एक हाड दूर केले की गुडघा उरत नाही. आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ३०० हाडे मोजली आहेत, कारण तिथे दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या आहेत. पण ग्रंथकार तेवढ्यावर थांबला नाही. त्याने २१० सांधे वेगळे मोजले. म्हणजे पदार्थ मोजून झाल्यावर त्याने नाती मोजली. बैलगाडीच्या आसाला वंगण असले की चाक सुखाने फिरते, तसा सांध्यांतला कफ सांधे चालवतो, असा दृष्टांतही तिथे आला आहे. ज्याने गाडीच्या आसाला हाताने वंगण लावले आहे, त्याला तो लगेच कळेल.

आता हा सांधा चालतो कसा ते थोडे बारकाईने पाहू, कारण पुढचा विचार त्यावरच उभा आहे.

गुडघ्यात दोन हाडे एकमेकांवर टेकलेली दिसतात, पण निरोगी गुडघ्यात ती एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. दोघांच्याही टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. भोवतीच्या पिशवीत थोडासा चिकट द्रव असतो, तेच शरीराचे वंगण. बाहेरून आणि आतून चार बळकट अस्थिबंध हाडांना धरून ठेवतात. म्हणजे जवळ राहायचे, पण घासायचे नाही. बांधलेले असायचे, पण जखडलेले नाही. संसारात हे किती अवघड आहे ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

शिवाय सगळे सांधे एका जातीचे नसतात. खुबा आणि खांदा दोन्ही उखळीचे सांधे. खुब्याची उखळ खोल असते, म्हणून तो भक्कम आहे, पण त्याची हालचाल मर्यादित. खांद्याची उखळ उथळ असते, म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो. मोकळेपणा घेतला की थोडी जोखीम आली, भक्कमपणा घेतला की थोडे बंधन आले. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे तर आधी सुटी असतात. टाळू मऊ लागते ती त्यामुळेच. आतला मेंदू वाढायला जागा हवी, म्हणून ती जोडणी वर्ष-दीड वर्ष घाई करीत नाही. कोणते नाते कधी सैल ठेवावे आणि कधी घट्ट करावे, याची समज देहाला आहे.

आणखी एक गोष्ट. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ते जोडीने असतात. कोपर वाकवायचे तर दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो आणि त्याच वेळी मागचा सैल पडतो. सरळ करायचे तर उलट. दोघेही एकदम हट्टाने ओढू लागले तर हात जागच्या जागी ताठ होईल, घास तोंडापर्यंत जाणार नाही. म्हणजे सैल पडणे हेही एक कामच आहे. माघार घेणाऱ्याने काही केले नाही असे म्हणू नये. घास त्याच्यामुळेही तोंडात जातो.

इथपर्यंत आलो की कीर्तनात सहसा बोध सांगितला जातो. नम्र व्हा, वाका, सोसा. पाया पडताना आपण कमरेत वाकतो, मानेत वाकतो, गुडघ्यात वाकतो. ताठ हाडाला वाकवणारा सांधाच भक्तीच्या उपयोगी पडतो. हा बोध खरा आहे. पण अर्धा आहे. दुसरे अर्धे पाहायचे तर तुम्हाला माझ्याबरोबर भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या शिवारात यावे लागेल.

हा भाताचा मुलूख. तलाव-बोड्यांचा, बांध्यांचा. इथे आषाढ लागतो तोच रोवणीच्या लगबगीत. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटी लाखो पावले पोहोचतात, तेव्हा इकडे बांध्यांतल्या चिखलात बायांच्या रांगा वाकून पऱ्हे रोवत असतात. घोट्याच्या वर चिखल, वरून पावसाची रिपरिप, एका हातात पऱ्ह्याची जुडी, दुसऱ्या हाताची बोटे चिखलात जातात आणि वर येतात. एक ओळ झाली की पाऊल मागे. रोवणी नेहमी मागे सरकत करायची असते, म्हणून सारा दिवस कंबर उघडायची सवड नाही. वारीला जाता आले नाही याची हळहळ त्यांतल्या अनेकींच्या मनात असते. आपण त्यांना म्हणतो, बाई, तुमची रोवणी हीच वारी. म्हणायला गोड आहे. पण म्हणताना त्यांच्या कंबरेकडे एकदा पाहावे.

वाकलेल्या देहात काय घडते? पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके, आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक-एक गादी. अशा २३ गाद्या. माणूस कमरेत पुढे वाकला की डोके, छाती, हात यांचे सारे वजन कण्यापासून दूर पुढे जाते. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याला अगदी लगटून मागे असतात. मोटेच्या दांडीचा किंवा तराजूचा हिशेब ज्याला कळतो त्याला हे कळेल. लांबच्या टोकावरचे थोडे वजन तोलायला जवळच्या टोकावर फार जोर लावावा लागतो. तो सारा जोर कमरेच्या गाद्यांवर येतो, उभे असताना येतो त्याहून कितीतरी अधिक. तास-दोन तास नव्हे, दिवसभर. एक दिवस नव्हे, रोवणी संपेपर्यंत. आणि संध्याकाळी घरी आल्यावर चूल, भांडी, पाणी यांच्यासाठी पुन्हा वाकणे आहेच.

आता कूर्चेची एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदना नेणाऱ्या नसाही नसतात. म्हणून ती झिजते तेव्हा तिला स्वतःला काही दुखत नाही. ती मुकाट्याने झिजत जाते. थर पुरता पातळ होऊन खालच्या हाडावर भार येऊ लागतो, भोवतीचे अस्तर सुजते, तेव्हा ठणका लागतो. तोवर बरेच हातचे गेलेले असते. मोडलेले हाड पुन्हा सांधते, कारण त्यात रक्त खेळते. झिजलेली कूर्चा सहसा पहिल्यासारखी भरून येत नाही.

तुमच्या घरात अशी कूर्चा कोण आहे? दोन ताठ हाडांच्या मध्ये कोण राहते? बाप आणि मुलगा, सासू आणि नवरा, भाऊ आणि भाऊ, यांच्यामध्ये ती बाई मुकाट बसलेली असते. घासाघीस तिच्या अंगावर जाते, म्हणून घर कुरकुरत नाही. आपण तिचे कौतुक करतो. म्हणतो, चंदनासारखी झिजली हो. चंदन झिजते आणि सुगंध देते, हे खरे. पण सहाणेवर ते कोणीतरी उगाळत असते. झिजणाऱ्याची स्तुती करताना उगाळणाऱ्या हाताचा विचार आपण करीत नाही. आजचा खरा प्रश्न हा आहे. सोसणे हा धर्म आहे का? असेल, तर कोणाचा आणि कुठवर?

कोणी म्हणेल, संतांनी सोसायलाच शिकवले आहे. छळ झाला, हेटाळणी झाली, उपास घडले, तरी त्यांनी शांती सोडली नाही. हा आक्षेप हलका नाही, त्याला उत्तर दिले पाहिजे. उत्तर देहातच सापडते. कूर्चेला रक्त मिळत नाही, मग ती जगते कशावर? भोवतीच्या द्रवावर. पाऊल टाकले की भार पडतो, ती दाबली जाते, आतला द्रव बाहेर येतो. पाऊल उचलले की भार उतरतो, ती फुलते आणि ताजा द्रव शोषून घेते. भार आणि विसावा, भार आणि विसावा, हाच तिचा श्वास. भार कधीच नसेल तरी तिची उपासमार होते. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्याचे सांधे त्यामुळेही बिघडतात. आणि भार कधी उतरलाच नाही तरी उपासमार होते. मणक्यांमधल्या गाद्यांचेही असेच. दिवसभर दाबून त्यांतले पाणी कमी होते, रात्री आडवे झाल्यावर त्या पुन्हा पाणी ओढून घेतात. म्हणून सकाळी उठलेला माणूस संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर उंच भरतो. प्रत्येक रात्र आपल्याला आपली उंची परत देते.

म्हणजे भार वाईट नाही. न उतरणारा भार वाईट. संतांनी जे सोसले त्यात त्यांचा विसावा शाबूत होता. नाम हा त्यांचा विसावा होता, संतसंग हा त्यांचा विसावा होता. दिवसभराचे कष्ट रात्रीच्या कीर्तनात उतरत होते. ज्या बाईच्या वाट्याला भार आहे आणि विसावा नाही, तिला संतांचे सोसणे सांगणे म्हणजे अर्धा संत सांगणे आहे.

दुसरी खूण मर्यादेची. कोपर पुढे वाकते, मागे वाकत नाही. गुडघा मागे वाकतो, पुढे वाकत नाही. अस्थिबंध तिथे थांबवतात. जो हात कोपरातून चारी दिशांना वाकू लागला, त्याला आपण नम्र म्हणत नाही, हाडवैद्याकडे नेतो. ताठ उभे राहताना मांडीचे हाड किंचित वळून गुडघ्याला जणू कुलूप लागते, म्हणून फारसे श्रम न करता उभे राहता येते. ज्या सांध्यात वाकण्याची सोय आहे त्यातच न वाकण्याचीही आहे. नम्रतेलाही अस्थिबंध हवेत. बस, याच्यापुढे नाही, हे म्हणता येणे नम्रतेच्या विरुद्ध नाही.

आणि दुखणे? दुखणे सांगणे म्हणजे भक्तीत उणेपणा, असे कित्येकांना वाटते. इथे आपल्या विदर्भाचेच उदाहरण पाहा. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा बधिर होतात. बोटे झडतात ती रोगाने खाल्ली म्हणून, असा लोकांचा समज होता. खरे असे की चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखम कळत नाही. न कळलेल्या जखमा चिघळत जातात आणि बोटे जातात. आज त्या रोगावर औषध आहे, वेळेवर घेतले तर तो पुरता बरा होतो. पण त्याने शिकवलेली गोष्ट विसरू नये. वेदना ही वैरीण नाही, राखणदारीण आहे. वेदना गेली की अवयव जातो. ज्या घराला, ज्या गावाला आपल्याच माणसाचे दुखणे ऐकू येत नाही, ते घर बधिर झाले आहे. त्याची बोटे कधी झडली ते त्याला कळणारही नाही.

या रोगाने टाकून दिलेल्यांसाठी बाबा आमट्यांनी वरोऱ्याला १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी केली आणि आनंदवन फुलवले. पुढे त्यांचा स्वतःचाच कणा इतका बिघडला की त्यांना बसता येईना. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच हातात उरले. तशा अवस्थेत १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बरोबर तरुण मुलेमुली सायकलींवर, आणि बाबा गाडीत आडवे. त्या यात्रेचे नाव होते भारत जोडो. ज्याच्या मणक्यांची जोडणी ढासळली होती तो देश जोडायला निघाला. लोक यात त्यांचे धैर्य पाहतात, ते होतेच. पण मला त्याहून एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्या कण्याला न झेपणारा भार भोवतीच्यांनी उचलला. बसता येत नसेल तर बसायचे कशाला, असा मार्ग काढला. दुखणे लपवून नव्हे, दुखण्याला जागा देऊन ती यात्रा झाली.

आपल्या संप्रदायाच्या कथा तरी दुसरे काय सांगतात? कूर्मदासांना हातपाय नव्हते. पैठणहून खुरडत निघाले, वाटेत लोकांनी भाकर-पाणी दिले. लऊळला आले आणि देहाने पुढे जायला नकार दिला. देव तिथे म्हणाला का, की अजून थोडे सोस, पंढरी जवळच आहे? कथा सांगते, देवच लऊळला आला. जनाबाई दळायला बसली तेव्हा विठ्ठल तिच्या सहनशक्तीवर प्रवचन करीत उभा राहिला नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला. नाथांच्या घरी त्याने कावड खांद्यावर घेतली. आपण या कथा डोळे भरून ऐकतो आणि घरी येऊन पाण्याची घागर ज्या डोक्यावर होती त्याच डोक्यावर राहू देतो.

म्हणून माझी एवढीच धारणा झाली आहे. सोसणे हा फक्त स्वतःला सांगायचा धर्म आहे. ‘मी सोसीन’ असे कोणी आपल्या मनाशी म्हटले तर ते तप आहे. ‘तू सोस’ असे दुसऱ्याला म्हटले की त्याच शब्दाचा अन्याय होतो. दुसऱ्याच्या बाबतीत आपला धर्म एकच, खुंटा धरणे.

यावर कोणी विचारील, मग घराघरांत वाटे मोजले जाणार का, तुझे किती आणि माझे किती? तसे झाले तर प्रेमच आटेल. ही भीती रास्त आहे. पण देहात मोजणी कोणी करीत नाही आणि तरी वाटणी होते. एका पायात काटा रुतला की दुसरा पाय विचारत बसत नाही, भार आपल्याकडे घेतो. चाल बदलते, माणूस लंगडतो, काही दिवस अवघा देह त्या एका टाचेसाठी वाकडा चालतो. वाटे मोजायची वेळ येते ती ज्याला दुखत नाही त्याने न पाहिल्यामुळे. कूर्चा बोलणार नाही, तिच्याकडे नसाच नाहीत. विचारायचे काम हाडांचे आहे.

तेव्हा या आषाढात, रोवणीहून परतलेल्या बाईला आधी बसू द्या. चुलीवर भाताचे आधण घरातल्या कोणत्याही पुरुषाला ठेवता येते, त्यासाठी दीक्षा लागत नाही. बांधीत मधूनमधून दोन मिनिटे कंबर सरळ करायला थांबणे म्हणजे कामचुकारपणा नाही, गाद्यांना पाणी पिऊ देणे आहे, हे काम देणाऱ्यानेही समजून घ्यावे. गुडघा सतत दुखत असेल, सुजत असेल, रात्री ठणकत असेल तर ‘वय झाले’ म्हणून तो विषय बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो, इतके तरी बहुतेकांना साधते. आणि माउली, जी स्वतः सोसते आहे तिला सांगणे एवढेच की दुखते म्हणून सांगितल्याने तुझे पुण्य सरत नाही. घरच्यांना खुंटा धरायची संधी मिळते.

देहात एक हाड असे आहे जे दुसऱ्या कोणत्याही हाडाला टेकत नाही. हनुवटीच्या खाली, गळ्यात, जिभेच्या मुळाशी ते असते. २०६ मधले ते एकच एकटे. पण तेही हवेत नाही. चहूबाजूंच्या स्नायूंनी आणि बंधांनी त्याला तोलून धरले आहे. त्याच्या आधाराने घास गिळला जातो, त्याच्याच आधाराने जीभ हलते आणि नाम उमटते. एकट्यालाही कोणीतरी धरून ठेवलेले असते, तेव्हाच मुखातून हरी बाहेर पडतो.

रामकृष्ण हरी.